उघडणे आणि चालवणे : एका डबल-क्लिकचा इतिहास

१/ उबंटूवर सी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना २०१६ नंतरच्या काही वर्षांत एक चमत्कारिक अनुभव येई. प्रोग्रॅम लिहिला, कंपाइल केला, टर्मिनलमध्ये चालवून पाहिला, सारे सुरळीत. मग त्याच फाइलवर फाइल मॅनेजरमध्ये डबल-क्लिक केले, तर उत्तर येई की ‘शेअर्ड लायब्ररी’ प्रकारची फाइल उघडू शकेल असा एकही प्रोग्रॅम या संगणकावर नाही. क्षणापूर्वी नीट चाललेला प्रोग्रॅम संगणकाला ओळखूच येत नव्हता. या नकारामागे ४५ वर्षांचा इतिहास आहे. त्याचा हा धागा.

२/ पत्र उघडतात, गाडी चालवतात. मराठीत या दोन क्रियांची गल्लत होत नाही. संगणकावरही त्या मुळात वेगळ्याच आहेत. फाइल उघडली म्हणजे तिच्यातील मजकूर दुसरा कोणी प्रोग्रॅम वाचून दाखवतो. फाइल चालवली म्हणजे तिच्यातील आज्ञा थेट प्रोसेसरच्या हाती जातात, आणि वापरकर्त्याला जे जे करण्याचा अधिकार आहे ते ते सारे ती फाइल करू शकते: वाचणे, पुसणे, दुसरीकडे पाठवणे. डबल-क्लिकने या दोन क्रियांना एकच खूण दिली. सोय झाली, किंमतही मोजावी लागली.

३/ आरंभ बेल लॅब्जमध्ये. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. या प्रणालीत फाइल म्हणजे नुसती बाइटांची रांग. पत्र असो, हिशेब असो वा कंपाइल केलेला प्रोग्रॅम असो, साठवण्याच्या दृष्टीने सारे एकच. मग यांपैकी चालवायचे काय, हे प्रणालीने ओळखावे कसे? युनिक्सने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली, आणि ती दोन्ही आजही वापरात आहेत.

४/ पहिले उत्तर परवानगीचे. प्रत्येक फाइलीसोबत काही बिट जपले जात, आणि त्यांतील एक ‘ही फाइल चालवता येईल’ एवढेच सांगणारा होता. पहिल्या आवृत्तीत सर्वांसाठी मिळून असा एकच बिट होता. पुढे मालक, त्याचा गट आणि इतर यांच्यासाठी स्वतंत्र बिट आले. फाइलीचे नाव काय, तिचे चित्र कसे, याच्याशी या बिटचा काही संबंध नाही. कोणीतरी जाणीवपूर्वक ‘चालू दे’ म्हटल्याची ती नोंद आहे. कंपायलर स्वतः तयार केलेल्या प्रोग्रॅमवर ही नोंद आपणहून करतो.

५/ दुसरे उत्तर फाइलीच्या पोटात. प्रोग्रॅमच्या अगदी आरंभी एक ठरावीक आकडा असे. पीडीपी-११ वरील युनिक्समध्ये तो अष्टमान पद्धतीने ०४०७ असा लिहीत. हा आकडा मुळात त्या यंत्राची उडी मारण्याची आज्ञाच होती: आरंभीचा मथळा ओलांडून पुढच्या खऱ्या आज्ञांकडे जा. पुढे हीच आज्ञा ओळखीची खूण ठरली आणि अशा खुणांना ‘मॅजिक नंबर’ म्हणू लागले. म्हणजे कर्नल दोन गोष्टी तपासतो: परवानगी आहे का, आणि आत खरोखर प्रोग्रॅम आहे का. नाव काहीही असो.

६/ मायक्रोकॉम्प्युटरांच्या जगात मात्र वेगळी रीत रुजली. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीत फाइलीची ओळख तिच्या नावाच्या शेवटच्या तीन अक्षरांत असे. १९८१ साली आलेल्या डॉसने ती रीत उचलली. नावाच्या अखेरीस ‘कॉम’ किंवा ‘ईएक्सई’ असले की तो प्रोग्रॅम. ईएक्सई फाइलीच्या आरंभी ‘एमझेड’ ही दोन अक्षरे असतात. मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरे. परवानगीचा बिट येथे नव्हताच. एकट्याने वापरायच्या यंत्रावर कोणी कोणाला परवानगी द्यायची?

७/ आतापर्यंत प्रोग्रॅम चालवायचा तर त्याचे नाव टंकावे लागे. चित्रांच्या पडद्याचा प्रवास झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून सुरू झाला आणि १९८१ साली ‘झेरॉक्स स्टार’ बाजारात आला. त्याच्या रचनाकारांची भूमिका स्पष्ट होती: कार्यालयात काम करणाऱ्याला प्रोग्रॅमशी कर्तव्य नाही, त्याला आपले कागद हवेत. म्हणून पडद्यावर कागद, फोल्डर, टपालपेटी अशी चित्रे होती आणि कळफलकावर ‘उघडा’ अशी स्वतंत्र कळ. चित्र निवडायचे, कळ दाबायची. ‘चालवा’ ही क्रिया वापरणाऱ्याच्या शब्दकोशातून जवळजवळ नाहीशी झाली.

८/ १९ जानेवारी १९८३ रोजी ॲपलने ‘लिसा’ जाहीर केला; किंमत ९,९९५ डॉलर. नवख्या माणसाचा गोंधळ होऊ नये म्हणून त्याच्या माउसला एकच बटण ठेवले होते. एकाच बटणाने निवडायचेही आणि उघडायचेही, तर फरक कसा करावा? उत्तर कालमापनात सापडले. एकदा दाबले तर निवड. लागोपाठ दोनदा दाबले तर उघडणे. आज सहज वाटणारी ही कृती बटणांची संख्या कमी ठेवण्याच्या हट्टातून दृढ झाली.

९/ मग २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिन्टॉश आला. त्याचा फाइल मॅनेजर म्हणजे ‘फाइंडर’. तो ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी लिहिला. प्रत्येक फाइलीला चार-चार अक्षरांची दोन ओळखपत्रे दिलेली असत: एक तिचा प्रकार सांगणारे, दुसरे तिला निर्माण करणारा प्रोग्रॅम सांगणारे. मॅकपेंटमधील चित्रावर डबल-क्लिक केले की फाइंडर दुसरे ओळखपत्र पाही, मॅकपेंट शोधी, तो सुरू करी आणि चित्र त्याच्या स्वाधीन करी. ‘एपीपीएल’ हा प्रकार असला की ती फाइल स्वतःच प्रोग्रॅम.

१०/ फाइंडरच्या मेन्यूत मात्र दोन्हींसाठी शब्द एकच होता: ‘ओपन’. पत्रही उघडायचे आणि प्रोग्रॅमही उघडायचा. कोणत्या फाइलीचे काय करायचे हे फाइंडर ठरवी. माणसाला विचारावे लागत नसे. १२८ किलोबाइट स्मृतीच्या आणि फ्लॉपीवर चालणाऱ्या त्या यंत्रासाठी ही रचना अतिशय सुबक होती. फ्लॉपी दुकानातून येई किंवा मित्राकडून. तिच्यावरील प्रोग्रॅम शत्रू असू शकतो, हा विचार त्या रचनेच्या केंद्रस्थानी नव्हता.

११/ मायक्रोसॉफ्टचा मार्ग वळणावळणाचा. २० नोव्हेंबर १९८५ च्या विंडोज १.० मध्ये ‘एमएस-डॉस एक्झिक्युटिव्ह’ नावाचा साधा फाइल मॅनेजर होता: चित्रे नाहीत, नुसत्या नावांची यादी. नावावर डबल-क्लिक केले की प्रोग्रॅम सुरू होई. मे १९९० च्या विंडोज ३.० ने दोन घरे वेगळी केली. प्रोग्रॅम सुरू करण्यासाठी प्रोग्रॅम मॅनेजर, फाइली हाताळण्यासाठी फाइल मॅनेजर. फाइल मॅनेजरमधूनही प्रोग्रॅम चालत असे, पण नित्याच्या वापरात उघडणे आणि चालवणे यांत एक भिंत उभी राहिली होती.

१२/ २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने ती भिंत काढली. प्रोग्रॅमसाठी स्टार्ट मेन्यू आला, पण डेस्कटॉप आणि प्रत्येक फोल्डर ‘एक्सप्लोरर’च्याच अखत्यारीत गेले आणि डबल-क्लिक सर्वत्र चालू लागला. त्याच वेळी ओळखीच्या फाइलींच्या नावांचे शेपूट लपवण्याची पद्धत आली. पडद्यावर तीन अक्षरांचा पसारा नको, हा हेतू. पण डॉसच्या परंपरेत प्रोग्रॅमची ओळख त्याच तीन अक्षरांत होती. ओळखपत्र खिशात लपवले गेले आणि चेहऱ्यावर विश्वास ठेवण्याची सवय लागली.

१३/ चेहरा म्हणजे आयकॉन. विंडोजच्या ईएक्सई फाइलीत तिचा आयकॉन तिच्याच पोटात असतो आणि तो प्रोग्रॅम लिहिणारा निवडतो. म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने कागदाचे चित्र लावले आणि नावाचे शेपूट लपलेले असले, तर पाहणाऱ्याला तो कागदच दिसणार. स्वतःची ओळख स्वतःच सांगायची आणि पडताळणारा कोणी नाही, अशी ही व्यवस्था होती.

१४/ ४ मे २००० रोजी याची प्रचिती जगाला आली. मनिलाहून निघालेल्या ईमेलसोबत ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’ नावाची फाइल होती. शेवटचे ‘व्हीबीएस’ लपले की ती साधे मजकुराचे पत्र वाटे. हा कंपाइल केलेला प्रोग्रॅम नव्हता. ती आज्ञांची स्क्रिप्ट होती. पण हाताची कृती तीच. लोकांनी पत्र उघडले असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात त्यांनी प्रोग्रॅम चालवला. त्याने फाइली बिघडवल्या आणि पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाला स्वतःची प्रत धाडली. फिलिपिन्समध्ये अशा कृत्यासाठी तेव्हा कायदाच नव्हता. तो त्या प्रकरणानंतर, जून २००० मध्ये आला.

१५/ मॅकही सुटला नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये ‘लीप’ नावाचा प्रोग्रॅम पसरला. नव्या मॅक प्रणालीची छायाचित्रे असल्याचे भासवणाऱ्या संकुचित फाइलीतून तो येई आणि त्याचा आयकॉन जेपेग चित्राचा होता. आत मात्र कंपाइल केलेला प्रोग्रॅम. त्यावर डबल-क्लिक करणाऱ्याने चित्र पाहण्यासाठी क्लिक केले होते. उघडणे आणि चालवणे यांना एकच खूण देणाऱ्या १९८४ च्या रचनेतील फट २२ वर्षांनी कोणीतरी वापरली.

१६/ आतापर्यंत निदान क्लिक तरी करावा लागे. जून २०१० मध्ये बेलारूसमधील एका अँटिव्हायरस कंपनीला स्टक्सनेट सापडला, आणि तीही अट उरली नाही असे दिसले. विशिष्ट शॉर्टकटचा आयकॉन काढण्यासाठी एक्सप्लोरर एक लायब्ररी स्मृतीत चढवत असे, आणि चढवताच तिच्यातील आज्ञा चालत. पेनड्राइव्हचे फोल्डर पडद्यावर दिसले, काम झाले. लक्ष्य होते इराणमधील नतान्झचा युरेनियम प्रकल्प. पण त्याची लागण झालेल्या संगणकांच्या संख्येत इराण आणि इंडोनेशियानंतर भारताचा क्रमांक होता. ती फट ऑगस्ट २०१० मध्ये बुजवली गेली.

१७/ दरम्यान मोठ्या कंपन्यांनी तिसरा प्रश्न विचारायला आरंभ केला होता: ही फाइल आली कोठून? ऑगस्ट २००४ च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २ मध्ये इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर तिच्या उगमाची अदृश्य नोंद होऊ लागली आणि चालवण्यापूर्वी इशारा येऊ लागला. २००७ च्या मॅक ओएस लेपर्डने अशीच नोंद ठेवून पहिल्या वेळी विचारणा सुरू केली. २०१२ साली आलेला ‘गेटकीपर’ प्रोग्रॅमवर निर्मात्याची डिजिटल सही आहे का हेही पाहू लागला.

१८/ लिनक्सकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर वारशानेच आले होते. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलीवर चालवण्याचा बिट नसतो. म्हणून डबल-क्लिकने ती चालत नाही. या जगातील एक फाइल मॅनेजर घडवला तो मॅकच्याच माणसांनी. मॅकिन्टॉशच्या मूळ चमूतील अँडी हर्ट्झफेल्ड यांनी सहकाऱ्यांसह ‘ईझेल’ ही कंपनी काढली आणि ग्नोम डेस्कटॉपसाठी ‘नॉटिलस’ घडवला. मार्च २००१ मध्ये नॉटिलस १.० आला, दोनच महिन्यांत ईझेल बंद पडली. नॉटिलस मात्र टिकला. १९८४ चा डबल-क्लिक आणि १९७१ चा बिट एकाच घरात नांदू लागले.

१९/ हा संसार निर्विघ्न नव्हता. लिनक्सवर प्रोग्रॅमचे नाव, आयकॉन आणि चालवायची आज्ञा एका छोट्या ‘डॉट-डेस्कटॉप’ फाइलीत लिहितात. नॉटिलस तिचे खरे नाव न दाखवता आत लिहिलेले नाव दाखवी. आत लिहिलेले नाव ‘पीडीएफ’ने संपत असेल, तर दिसे पुस्तक आणि चाले आज्ञा. चालवण्याचा बिट आवश्यक होता खरा. पण काही संकुचित फाइलींत तो बिट जपला जातो आणि फाइलीसोबत तोही घरात येतो. २०१७ साली ही त्रुटी अधिकृतपणे नोंदली गेली. उपाय म्हणून नॉटिलस अशा फाइलीबाबत आधी विचारू लागला आणि विश्वास दिल्याची नोंद ठेवू लागला.

२०/ आता त्या विद्यार्थ्याकडे. आजचे लिनक्स प्रोग्रॅम ‘एल्फ’ नावाच्या स्वरूपात असतात. त्याच्या मथळ्यात प्रकाराचा एक आकडा असतो: २ म्हणजे ठरावीक पत्त्यावर बसणारा प्रोग्रॅम, ३ म्हणजे स्मृतीत कोठेही बसू शकणारी सामायिक लायब्ररी. २००१ साली ‘पॅक्स’ प्रकल्पाने एक संरक्षण मांडले: प्रोग्रॅमचे भाग दर वेळी स्मृतीत वेगळ्या जागी ठेवावेत, म्हणजे हल्लेखोराला पत्ता सापडणार नाही. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या आज्ञाही हलत्या हव्यात, तर तो कोठेही बसण्याजोगा कंपाइल करावा लागतो. तसे केले की मथळ्यात आकडा येतो ३.

२१/ ऑक्टोबर २०१६ च्या उबंटू १६.१० ने ६४-बिट इंटेल यंत्रांवर आणि जून २०१७ च्या डेबियन ९ ने बहुतेक यंत्रांवर कंपायलरची ही पद्धत मूळचीच केली. कर्नलला अडचण नव्हती. तो असे प्रोग्रॅम चालवायला शिकलेला होता. फाइल मॅनेजर मात्र फाइलींच्या प्रकारांची सामायिक यादी पाही, आणि त्या यादीच्या नियमात ३ म्हणजे लायब्ररी. लायब्ररी कोणी चालवत नाही. म्हणून त्याने ती उघडणारा प्रोग्रॅम शोधला, सापडला नाही. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाने प्रोग्रॅमची ओळखच पुसली होती.

२२/ अनेकांनी यावर कंपायलरला ‘नो-पाय’ ही सूचना देण्याचा उपाय काढला. तिने प्रोग्रॅम पुन्हा ठरावीक पत्त्यावर बसू लागे, आकडा २ होई आणि डबल-क्लिक चाले. म्हणजे एका क्लिकच्या सोयीसाठी संरक्षण काढून ठेवले जात होते. यथावकाश प्रकारांच्या यादीत अशा प्रोग्रॅमसाठी स्वतंत्र नोंद आली. तोवर २०१८ साली नॉटिलसच्या विकासकांनी फाइल मॅनेजरमधून थेट प्रोग्रॅम चालवण्याची सोयच काढण्याचे पाऊल उचलले. वापरकर्त्यांच्या आक्षेपांनंतर ते मागे घेतले.

२३/ डबल-क्लिक चालला तरी विद्यार्थ्याची निराशा संपतेच असे नाही. टर्मिनलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम आपले उत्तर टर्मिनलमध्येच छापतो. फाइल मॅनेजरने सुरू केला तर त्याला टर्मिनल मिळत नाही. तो चालतो, छापतो, संपतो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. विंडोजवर काळी खिडकी क्षणभर चमकून जाते, ती याचीच बहीण. प्रोग्रॅम चालला नाही असे वाटते. वस्तुतः तो संपलेला असतो.

२४/ या ४५ वर्षांत एका डबल-क्लिकच्या पोटात तीन प्रश्न जमा झाले. परवानगी कोणी दिली? हे १९७१ च्या बिटने विचारले. आत आहे काय? हे मॅजिक नंबरने, मॅकच्या चार अक्षरांनी आणि एल्फच्या मथळ्याने विचारले. आले कोठून? हे २००४ नंतर विचारले जाऊ लागले. धाग्यातील फसवणुकींत माणूस उघडायला गेला आणि यंत्राने चालवले. विद्यार्थ्याच्या बाबतीत उलटे घडले: तो चालवायला गेला आणि यंत्र उघडायला बसले.

२५/ टर्मिनलमध्ये तोच प्रोग्रॅम चालवताना नावाआधी एक टिंब आणि एक तिरकी रेघ द्यावी लागते. तिचा अर्थ ‘याच फोल्डरमधला’. ही अटही इतिहासानेच घातली आहे. एके काळी चालू फोल्डरमध्ये प्रोग्रॅम आपोआप शोधला जाई; मग कोणी नेहमीच्या आज्ञेच्या नावाचा आपला प्रोग्रॅम तेथे ठेवून दिला, तर बेसावध माणूस तोच चालवी. म्हणून आज ते दोन वर्ण टंकावे लागतात. डबल-क्लिकने जे विचारणे सोडून दिले होते, ते ही दोन चिन्हे अजून विचारतात: चालवायचे आहे ना, आणि हेच ना?